तुझ्या आईला तू कशी वाटतेस?

ये गं भाचीबाई, हे वाचताना तरी जरा जवळ बस. काल घाटनांदूरची गाडी धरायच्या गडबडीत होतीस म्हणून बोलले नाही, पण रागावले आहे मी तुझ्यावर. तुझी लेक वहीतलं चित्र दाखवायला आली. मी म्हटलं, "केवढं सुंदर काढलंय गं!" आणि तू लगेच तिच्या डोक्यात टपली मारलीस. "कशाचं सुंदर, आत्या? नुसता दगड हाय ही." पोरगी वही मिटून आत गेली. तू पाहिलंस का तिच्याकडं? मी पाहिलं.

'दगड' हा शब्द माझा आहे बाई, म्हणून मला लागला.

तुला ठाऊक नसेल, माझ्या लेकीआधी मला एक मुलगा झाला होता. गोरा, गुटगुटीत. येणारी-जाणारी त्याला उचलून म्हणायची, काय देखणं लेकरू! दहा महिन्यांचा होऊन तापानं गेला. पुढं लेक झाली, तेव्हा बारशाच्या दिवशीच सासूबाईंनी मला बजावलं, "हिला चांगलं म्हणायचं न्हाई. तू तर अजाबात न्हाई. आईची नजर समद्यांच्या आधी लागती." मी ते मनात घट्ट धरलं. तिचं तीट लावायचं वय सरलं, पण माझ्या तोंडातली तीट काही सरली नाही. दहावीला ती शाळेत पहिली आली, गुरुजी पेढे घेऊन दारात आले, तर मी काय म्हणावं? "कशाची हुशार, गुरुजी? भाकरीला बसवली तर तव्यासगट जाळती." गुरुजी हसले. तीही हसली, असं मला वाटलं.

तीच लेक कॉलेज संपल्यावर म्हणाली, मला लष्करात अधिकारी व्हायचंय. लेखी परीक्षा पास झाली आणि पुढच्या पाच दिवसांच्या चाचणीला एकटी परराज्यात गेली.

ते साल दुष्काळाचं. गावातली विहीर तळाला गेलेली, डेअरीची गाडी यायची बंद झालेली. आम्ही दोन म्हशी घेऊन पाटोद्याच्या अलीकडं सोसायटीच्या चारा छावणीत राहायला आलो होतो. वर बारदानाचं छप्पर, अर्ध्यात म्हशी, अर्ध्यात आमची चूल. ती परतली ती गावाकडं नाही, थेट तिथंच. भर दुपारी, पिशवी खांद्याला. मी पेंड कालवत होते. मान वर करून म्हटलं, "आलीस का दगडा?"

ती म्हशीला टेकून बसली. "न्हाई घेतलं, आई. शेवटच्या दिशी समद्यांना बसवलं अन् घेतलेल्यांचे नंबर वाचले. माझा न्हवता."

"कावून?"

"ते सांगत न्हाईत."

मग हळूहळू बोलायला लागली. एक अंधुक चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि त्यावर गोष्ट लिहायला लावतात. मैदानात फळ्या आणि दोर देऊन म्हणतात, जमिनीला पाय न लावता पलीकडं जा. ते हिनं झटक्यात जमवलं होतं, चारा बांधायची सवयच होती ना! मला ऐकायला मजा येत होती. आणि मधेच ती थांबली.

"एक कागद होता, आई. तुझ्या आईवडलांना तू कशी वाटतेस, गुरुजींना कशी, मैत्रिणींना कशी, ते लिहायचं. पंधरा मिनिटांत."

"मग? माझं काय लिवलंस?"

"जे ऐकलंय ते. आईला मी दगड वाटते. माझ्यात काईच चांगलं न्हाई, असं तिला वाटतं."

माझा हात पेंडीतच राहिला. म्हशी रवंथ करत होत्या तेही ऐकू येईना. दगडाला इंग्रजीत काय म्हणतात मला ठाऊक नव्हतं, पण माझा तो शब्द परक्या मुलखात सरकारी कागदावर जाऊन बसला होता.

"अगं, मग खोटं तरी लिवायचं!"

"कावून? खरंखुरं लिवा म्हणाले होते."

शेजारच्या दावणीची काकू म्हणाली, "पोरी, आईचं बोलणं कुणी खरं धरतं का?"

"मग कुणाचं धरायचं, काकू?" लेक माझ्याकडं वळली. "डेअरीच्या सेक्रेटरीपुढं म्हशीचं केवढं कवतिक करतीस तू!"

"म्हैस इकायची असती गं! तुला काय बाजारात न्यायचंय?"

काकू खो खो हसली. लेक हसली नाही. तेव्हा मी तिला त्या लेकराबद्दल सांगितलं, सासूबाईंचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "बावीस वर्षांत एवढं सांगता आलं न्हाई तुला?"

आणि तिनं काय करावं? पिशवीतून वही काढली, मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्यापुढं ठेवलं. "पंधरा मिनिटं. लिही आता. मी तुला कशी वाटते."

मी शाळेत गेले नाही. डेअरीच्या रांगेत उभी राहून फळ्यावरच्या सूचना वाचता वाचता शिकले. तोवर सहीपलीकडं कधी काही लिहिलं नव्हतं, ही पत्रं-बित्रं सगळी त्यानंतरची. निम्मा वेळ हात धुण्या-पुसण्यातच गेला. मग लिहिलं: "टँकर आला तवा बाया एकमेकींचे हंडे फेकत होत्या. तू चाकावर चढलीस अन् ओरडलीस, आधी म्हाताऱ्या. समद्या गप रांगेत लागल्या. मी मागं उभी होते. मला तवा लई"

"वेळ संपली." तिनं वही ओढून घेतली. वाचली. परत वाचली. "लई काय, आई?"

पेंडीचा वास येणारे हात तिच्या गालांवरून फिरवले आणि माझ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तिनं ते पान फाडून घडी करून पिशवीत ठेवलं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा चाचणीला गेली. परत आली आणि दारातूनच म्हणाली, "ह्या बारीलाबी न्हाई घेतलं. पण आई, तुला मी कशी वाटते ते लिवायला पान पुरलं न्हाई."

आता ती फौजदार आहे, तुला माहीतच आहे. लष्कर हुकलं ते हुकलंच. पहिल्या वेळी ते माझ्या तोंडामुळं हुकलं का? कोण सांगणार? मी अजून तिला फोनवर चांगलं म्हणताना आधी इकडं-तिकडं बघते.

तुला भीती वाटत असेल तर लेकीची मीठ-मोहरीनं दृष्ट काढ, कपाळाला तीट लाव. पण तोंडानं तसलं बोलू नकोस. तिला घेऊन ये, आणि ती वहीही आण. मी ते चित्र धड बघितलंच नाही. या रविवारी जमलं तर याच रविवारी या गं, वाट बघते.