चंद्रीचं दावं

मावशी गोठ्यात शिरण्याआधी खाकरायची. सासऱ्यांच्या खोलीत जावं तशी उंबऱ्याशी थांबायची, पदर सारखा करायची, खाकरायची आणि मगच पाय आत टाकायची. मी एकदा चेष्टा केली, "मावशी, म्हशींची परवानगी घेतेस काय?" तर म्हणाली, "घ्याया नको? त्यांच्या घरात शिरतोय आपुन, गुरजी."

भिसेगावातल्या माझ्या घरापासून तिचा गोठा दहा मिनिटांच्या चालीवर. नोकरीत होतो तेव्हापासून रोज संध्याकाळी किटली घेऊन मीच जायचो. मावशी आधी किटली हुंगायची. जरा वास आला की दूध न घालता परत पाठवायची. "बायकोला सांगा, नीट घासून द्या." निवृत्त मुख्याध्यापकाला ही वागणूक! पण मुकाट परत यायचो आणि किटली स्वतः घासायचो, कारण तसं दूध दुसरीकडे मिळत नव्हतं आणि तसं बोलणारंही कोणी नव्हतं.

गोठ्यात एका खुंटीवर दावी टांगलेली असत. तिने आजवर विकलेल्या जनावरांची, सगळी तिने स्वतः अंबाडीची वळलेली. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणाऱ्याने आपलं आणायचं. "जनावर गेलं तरी दावं घरात ऱ्हायला होवं," ती म्हणायची, "दाव्याच्या मागनं दुसरं येतं." डोळे मिटून नुसत्या बोटांनी चाचपून ती सांगायची, हे मोरीचं, हे कपिलीचं, हे त्या मेल्या मारक्या बैलाचं. कुठलं दावं कुणाच्या मानेला घासून मऊ झालं होतं, ते तिला ठाऊक होतं.

पण मागून येणारं हळूहळू यायचं थांबलं. डोंगराकडे जाणाऱ्या गुरांच्या वाटेवर फार्महाऊसच्या भिंती उभ्या राहिल्या. चरायच्या माळावर कुणीतरी पोहायचा तलाव बांधला. मुलगा बाळू खोपोलीच्या कारखान्यात पाळ्या करायचा आणि सून शिवणकाम. त्यांची तरी काय चूक? शेवटी एकटी चंद्री म्हैस उरली. तिच्यासाठी सत्तरी ओलांडलेली मावशी लांबून डोक्यावर गवताचा भारा आणायची. एक दिवस भाऱ्यासकट बांधावरून पडली.

मग मी शहाणपण शिकवायला गेलो. "मावशी, वीक आता."

"ही गेली का गोठा बंद झाला, गुरजी. मंग मी कुनासाठी खाकरू?"

तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण उभा जन्म दुसऱ्यांना शिकवण्यात गेलेला, सवय जाते थोडीच! महिनाभर तिच्या मागे लागलो. शिळफाट्याकडे तबेला असलेला माझा जुना विद्यार्थी गिऱ्हाईक म्हणून मीच आणला.

टेंपो आला त्या दिवशी मावशी आतल्या खोलीत जाऊन बसली. "दावं तेवढं सोडून घ्या, गुरजी," एवढंच म्हणाली. चंद्री टेंपोत चढेना. चौघांनी रेटलं, ती ओरडली, मी उगाच इकडून तिकडे धावलो. टेंपो वळणावर दिसेनासा झाला आणि मग मला आठवलं. दावं तिच्या गळ्यातच गेलं होतं. लगेच फोन लावला, तो तासाभराने लागला. "सर, ते कापून टाकलं वाटेतच. साखळी लावली," विद्यार्थी म्हणाला.

खरं सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून अंबाडीचं दावं आणलं, न्हाणीघरात बसून शेणामातीत घोळलं, दगडावर घासलं. बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी. "अहो, पेन्शनीत हेच बघायचं राहिलं होतं का?"

ते मावशीच्या हातात दिलं. "काल गडबडीत माझ्याकडेच राहिलं," म्हणालो. तिने ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकवलं.

"हां. ह्येच," ती म्हणाली आणि आत घेऊन गेली. मी सुटलो.

दूध संपलं तरी माझी संध्याकाळची फेरी संपली नाही. मी ओट्यावर बसायचो. गोठ्यात डोकावायचा मला धीर होत नसे. मावशी मात्र रिकामा गोठा रोज झाडायची, सारवायची. शिरताना खाकरायची आणि क्षणभर थांबायची. आतून कोणी मान वळवून बघेल म्हणून थांबायची, असंच वाटायचं. एकदा न राहवून म्हणालो, "मावशी, आत कोणी नाही गं."

"हळू बोला, गुरजी," ती म्हणाली. "ऐकतात."

दिवाळीच्या आधी मावशी गेली. तेराव्याला गेलो तेव्हा बाळूने सांगितलं, उद्या गोठा पाडायचा, पाहुण्यांना भाड्याने द्यायला दोन खोल्या काढायच्या. सून म्हणाली, "आतलं काय होवं तर घेऊन जावा." मी उंबऱ्याशी आलो आणि नकळत खाकरलो. सून दचकलीच. "अगं बाई! मला वाटलं आत्याच."

खुंटीवर जुनी दावी होती. माझं त्यांत नव्हतं. ते चंद्रीच्या जागी, जमिनीतल्या खुंट्याला बांधलेलं होतं. गाठ पक्की आणि गळ्यात घालायचं टोक मोकळं, नीट पसरून ठेवलेलं. खालची जमीन सारवलेली.

"तुमी दिलं त्याच दिशी बांधलं," सून म्हणाली. "आत्या म्हनायच्या, गुरजींनी नवं दावं आनलंय, म्हंजी मागनं म्हस बी आनतील. तुमी आलात का आदी तुमच्या मागं वाटंकडं बगायच्या."

रोज मी हात हलवत जात होतो. रोज!

"तेवढं सोडून घ्या, गुरजी," सून म्हणाली. "उद्या पाडनारे येतील."

मी खाली बसलो, गाठीला हात लावला. माझ्याने ती सुटली नाही.