डोळ्याजवळचा कॅमेरा

माझा डावा डोळा परळमध्ये तयार झाला. दर्शना मेस्त्री यांनी तो हातानं रंगवला. आधीचा गेला तो शिवाजी पार्कात. मी गिरगावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. २०११ साली आमच्या मुलांचा नेटमध्ये सराव चालला होता आणि मी जाळीबाहेर उभा राहून त्यांचे फोटो काढत होतो. फोटो कसा आलाय ते पाहायला कॅमेरा खाली घेतला, आणि तेवढ्यात शेजारच्या नेटमधून सीझन बॉल आला. चूक कुणाचीच नव्हती. सहा महिने डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण दुखणं इतकं वाढलं की शेवटी डोळा काढावा लागला.

जखम भरल्यावर मला कृत्रिम डोळे बनवणाऱ्यांचा परळच्या एका गल्लीतला पत्ता मिळाला. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मालक हितेंद्रभाई माप घेत, साचा काढत. आतल्या खोलीत उत्तरेच्या खिडकीपाशी दर्शनाताई बसत. चाळिशीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, बोलणं मोजकं. त्यांनी मला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि माझ्या उरलेल्या डोळ्याकडे पाच मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. मग विचारलं, "सर, तुमचे डोळे काळे आहेत असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, काळेच आहेत की. फॉर्मवर तसंच लिहिलं होतं मी.

"काळे नाहीत," त्या म्हणाल्या. "कडेला राखाडी आहे, आत मधाचा रंग आहे आणि बाहुलीला लागून एक लालसर कडं आहे. मला वेळ लागेल."

अपघातानंतर लोक माझ्या चेहऱ्याकडे दोन तऱ्हांनी बघायचे. काही जण टाळायचे, काही जण कीव करायचे. आपल्या डोळ्याकडे कुणी एखाद्या सुंदर वस्तूकडे बघावं तसं बघतंय, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. मी त्या दिवशी घरी गेलो आणि कितीतरी महिन्यांनी आरशासमोर नीट उभा राहिलो.

दर्शनाताई लालबागच्या. वडील आनंदा मेस्त्री मूळचे मालवणकडचे, गिरणीच्या रंगखात्यात शेड जुळवायचं काम करायचे. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या चिंधीचा रंग शंभर वार कापडावर तंतोतंत उतरला की नाही, हे ते खिडकीत धरून सांगायचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी दुकानांचे बोर्ड रंगवले. मुलीचा हात चित्रकलेत चांगला होता, पण कॉलेजपर्यंत गोष्ट गेली नाही. ती घरी बसून बांगड्यांवर नक्षी रंगवू लागली. ते काम शेजारच्या एका बाईंनी पाहिलं. त्या इस्पितळात आया होत्या. त्यांनीच तिला हितेंद्रभाईंकडे नेलं, आणि पुढची दोन वर्षं दर्शनाताईंनी नुसत्या बिल्ल्याएवढ्या चकत्यांवर बुबुळं रंगवली. पांढऱ्या भागावरच्या बारीक शिरा दाखवायला रेशमाचा लाल धागा उकलून त्याचे तंतू चिकटवतात. ते धागे तेव्हाही आनंदाकाका निवडून देत. मुलीनं रंगवलेला प्रत्येक डोळा घरी आला की ते तो खिडकीत धरून बघायचे.

माझ्या डोळ्याला चार फेऱ्या लागल्या. तो बसवल्यावर वर्गातल्या मागच्या बाकावरची पोरंसुद्धा कोणता खरा यावर पैजा लावू लागली, तेव्हा मला हायसं वाटलं. पुढे दर वर्षी पॉलिशसाठी जायचो. २०१३ साली असाच गेलो होतो, तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याचा विषय काढला.

त्यांची अडचण सरळ होती. रंगवताना पेशंट समोर हवा, आणि गावाहून आलेला पेशंट चार-चार वेळा येऊ शकत नाही. त्यांच्याकडे देवगडजवळच्या एका गावातली नूपुर नावाची सहा वर्षांची मुलगी यायची. दोन वर्षांची असताना डोळ्यात गाठ निघाली आणि डोळा काढावा लागला. मूल वाढतं तशी डोळ्याची खोबण वाढते, म्हणून दीड-दोन वर्षांनी नवा डोळा करावा लागतो. तिची आई किर्ती शाळेत खिचडी शिजवायच्या कामाला होती. दर खेपेला ती आठ-दहा दिवस रजा काढून नातेवाइकांच्या खोलीत राहायची. चांगल्या डोळ्याचा नीट फोटो हाताशी असता तर बुबुळाची नक्षी, शिरांची जागा फोटोवरून करता आली असती, आणि मायलेकींना शेवटच्या बैठकीला तेवढं यावं लागलं असतं. हितेंद्रभाईंनी एक कॅमेरा घ्यायला होकार दिला होता. एकच, आणि तो विचार करून.

"तुम्ही शाळेचे फोटो काढता ना, सर? लहान कॅमेरा घेऊ की मोठा, लेन्स बदलता येते तो?"

मी काढायचो, हे खरं होतं. माझ्याकडे तोच मोठा होता. डीएसएलआर, नवशिक्यांसाठीच्या साध्या मॉडेलपैकी, अपघाताच्या चारच महिने आधी घेतलेला. त्या दिवसानंतर मी तो बॅगेतून बाहेर काढला नव्हता. मी आयुष्यभर डाव्या डोळ्यानं फ्रेम बघत आलो होतो. त्यामुळे मी त्यांना लहान कॅमेरा घ्यायला सांगितलं. कारणं चांगली दिली. तो वस्तूच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावरूनही फोटो घेतो. मोठ्याला तशी खास लेन्स लागते आणि ती महाग असते. हा हलका, सोपा, खिशात मावणारा. यातलं काही खोटं नव्हतं. पण मला त्या दुसऱ्या कॅमेऱ्याबद्दल बोलायचंच नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आम्ही तिघं फोर्टातल्या एका दुकानात गेलो, कारण आनंदाकाकांनाही यायचं होतं. त्यांनी खिशातून रंगीत धाग्यांची गुंडी काढली आणि दुकानदाराला तिचा फोटो काढायला लावला. पडद्यावर बघून त्यांनी मान हलवली. विटकरी रंग नारिंगी दिसत होता. दुकानदारानं मोठ्या कॅमेऱ्यानं काढून दाखवला, तर त्यात तोच विटकरी जरा तपकिरी झाला. काकांचा दोन्हीवरचा विश्वास उडाला. तरी माझ्या शब्दावर दर्शनाताईंनी लहान कॅमेरा घेतला.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. सर, जमलं तर शनिवारी या, एवढंच म्हणाल्या. आवाजावरून कळलं की काहीतरी फसलंय.

मी गेलो तेव्हा नूपुर आईच्या मांडीवर तोंड खुपसून बसली होती. आदल्या दिवशी दर्शनाताईंनी तिचा फोटो घ्यायचा प्रयत्न केला होता. जवळून घ्यायचा म्हणून कॅमेरा तिच्या डोळ्यापाशी नेला, तर मुलीनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि किंचाळली. तिच्या आठवणीत डोळ्याजवळ आणलेली प्रत्येक चकाकती वस्तू इस्पितळातली होती. तिला कसंबसं समजावून दोन फोटो मिळाले, तेही निरुपयोगी. कॅमेऱ्याचीच सावली डोळ्यावर पडली होती आणि बुबुळाच्या मधोमध लेन्सचं काळं वर्तुळ दिसत होतं. दर्शनाताईंनी मला ते दाखवले, पण एका शब्दानंही दोष दिला नाही. उलट म्हणाल्या, "माझंच चुकलं. माझ्या स्वतःच्या डोळ्यापाशी धरून बघायला हवा होता आधी."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांना तिथेच खरं सांगितलं. म्हटलं, माझ्या घरी मोठा कॅमेरा पडून आहे. त्याच्या साध्या लेन्सनंही वीतभर अंतरावरून डोळा पुरेसा मोठा येतो. मला हे तेव्हाही माहीत होतं. मी बोललो नाही, कारण तो हातात घ्यायची माझी हिंमत नव्हती.

त्यांनी लहान कॅमेरा बंद करून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "घर कुठे तुमचं?"

"नायगाव."

"मग तासाभरात याल."

मी गेलो आणि बॅग घेऊन आलो. बॅटरी मेली होती. ती भरेपर्यंत किर्तीनं सगळ्यांसाठी खालून चहा आणला, आणि नूपुर हळूहळू मांडीवरून मान वर काढून बॅगेकडे बघू लागली. मी तिला कॅमेरा हातात दिला. जड आहे, दोन्ही हातांनी धर, म्हटलं. कॅमेऱ्याच्या डोळ्याला लावायच्या बारक्या खिडकीतून ती आईकडे बघू लागली, मग दर्शनाताईंकडे. ती एका डोळ्यानं बघत होती, आणि कॅमेऱ्याला एवढंच लागतं. तिनं बटण दाबलं, खटका वाजला, तशी ती हसली. पाच-सहा फोटो काढल्यावर तिनं मला विचारलं, "तुमी कुठल्या डोळ्यान बघतास?"

मी सांगितलं, आधी डाव्यानं बघायचो, आता तो माझ्याकडे नाही. तिनं माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, अगदी दर्शनाताई बघतात तसं, आणि तिला कळेना. कोणता, म्हणून विचारलं. मी डाव्या डोळ्यावर टिचकी मारून दाखवली. टक् असा आवाज झाला. नूपुर इतकी हसली की हितेंद्रभाई बाहेरून डोकावले.

मग मी कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला. नाक भलतीकडे आलं, पकड चुकली, पहिले तीन फोटो हलले. मी कोपर छातीशी घट्ट धरले आणि श्वास रोखला. नूपुर वीतभर अंतरावर खिडकीकडे तोंड करून स्वस्थ बसली होती. चौथ्या फोटोत तिचं बुबुळ आलं. मधल्या काळ्यापासून बाहेर पसरत गेलेल्या तपकिरी रेषा, एका जागी तिळाएवढा पिवळा ठिपका, सगळं सुटं सुटं दिसत होतं. दर्शनाताईंनी पडद्यावर मोठं करून बघितलं आणि हात जोडले. मला, की कॅमेऱ्याला, की त्या मुलीला, मला कळलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कृत्रिम डोळ्याच्या पापण्यांतूनही पाणी येतं, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

राहिला रंगाचा प्रश्न. तो आनंदाकाकांनी सोडवला. संध्याकाळी मी आणि दर्शनाताई लालबागला त्यांच्याकडे गेलो. फोटो संगणकावर वेगळा दिसतो, कागदावर वेगळा, मग रंगवायचं कशावर विश्वास ठेवून, असं त्या विचारत होत्या. काका खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "रंग एकटो कधी खरा सांगणा नाय. बाजूक वळखीचो रंग ठेव, मगे बघ."

गिरणीत ते असंच करायचे. नमुन्याची चिंधी नव्या कापडाला लावूनच धरायचे. दर्शनाताईंना लगेच समजलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण रंगवलेली, रंगांचं प्रमाण लिहून ठेवलेली चकती नूपुरच्या गालावर डोळ्याशेजारी धरली आणि मी परत फोटो घेतले. आता कॅमेरा डोळ्याच्या रंगाचं जे करील तेच चकतीच्याही रंगाचं करणार होता. चकती त्यांच्या टेबलावर होती. फोटोतल्या चकतीपेक्षा फोटोतला डोळा किती फिका, किती लाल, तेवढंच बघायचं.

मी मोठा कॅमेरा त्यांच्याकडेच ठेवला. त्या घेईनात. भेट म्हणून तर मुळीच नाही. शेवटी हितेंद्रभाईंच्या परवानगीनं अदलाबदल ठरली. मोठा त्यांच्याकडे, लहान माझ्याकडे. किमतीत फरक होता, पण तो विषय मी काढू दिला नाही. दोन रविवार जाऊन मी त्यांना सगळं शिकवलं. तिसऱ्या रविवारी त्यांचे फोटो माझ्याहून चांगले यायला लागले, कारण काय बघायचं ते त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं.

नूपुर आणि किर्ती गावी गेल्या आणि दीड महिन्यानं एकदाच आल्या, दोन दिवसांसाठी. मी मुद्दाम अर्धी रजा टाकून गेलो होतो. दर्शनाताईंनी डोळा बसवला, नूपुरला वर बघ, खाली बघ, म्हटलं आणि आरसा दिला. तिनं बराच वेळ बघितलं. मग आईला विचारलं, "पिवळो ठिपको पण घातलो?" तो होता. किर्तीनं पिशवीतून आणलेली कोकमं टेबलावर ठेवली आणि दर्शनाताईंचा हात धरून उभी राहिली.

लहान कॅमेरा माझ्या खिशात राहिला. फ्रेम पडद्यावर दिसत असल्यानं कुठला डोळा लावायचा हा प्रश्नच नव्हता, आणि मी परत शाळेच्या गॅदरिंगचे, सहलींचे फोटो काढू लागलो. तीन पिढ्यांच्या पोरांच्या घरी माझे फोटो आहेत. यातल्या निम्म्यांचं श्रेय परळच्या त्या खोलीला आहे.

आनंदाकाका २०१९ मध्ये गेले. दर्शनाताई आजही त्याच खिडकीत बसतात. दोन मुली त्यांच्या हाताखाली शिकतात. संगणकात आता साडेसहाशेच्या वर डोळे आहेत, चेहरा नसलेले, प्रत्येकाशेजारी एक रंगीत चकती. त्यांना नाव वाचायची गरज पडत नाही. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा नव्या मुलीला एक फोटो उघडून दाखवत होत्या. कडेला राखाडी, आत मध. "हा बघ," त्या तिला सांगत होत्या, "याला लोक काळा म्हणतात." मुलगी खुर्ची ओढून पडद्याजवळ गेली. मी दारातच थांबलो आणि तिचं बघून होईपर्यंत आत गेलो नाही.