राईतलं राईत

"झाडा गुरुजी, कापडं झाडा. राईतलं राईत ऱ्हाऊ द्या."

पाटणच्या वर डोंगरातल्या त्या देवराईत तुम्ही गेला असतात, तर दर्शनानंतर तुम्हालाही हे ऐकावं लागलं असतं. देवळाचा म्हातारा गुरव हद्दीच्या दगडाशी उभा राहायचा आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला कपडे झटकायला लावायचा. राईतली वाळकी काडीही बाहेर न्यायची नाही, हा गावचा नियम. त्यानं तो पानापर्यंत नेला होता.

नव्वदच्या सुमारास मी तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून गेलो, तेव्हा मला हा शुद्ध चक्रमपणा वाटायचा. जत्रेला आलेल्या एका फौजदाराला त्यानं टोपी झटकायला लावली. फौजदार चिडला, पण टोपीतून खरंच एक पान पडलं. गुरवानं ते उचलून आत ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "आता जावा."

त्याची बायको रोज देऊळ झाडायची. निघताना तीही दगडाशी थांबून पदर झटकायची. चाळीस वर्षांत तिला एकदाही सवलत मिळाली नव्हती, आणि हे ती मला कौतुकानं सांगायची.

एका आषाढात ती गेली. पाऊस हटत नव्हता, गावात कोरडं लाकूड मिळेना. देवळाच्या पडवीत मात्र जत्रेच्या स्वयंपाकासाठी रचलेल्या राईतल्या वाळक्या फांद्या होत्या. देव समजून घेईल, असं लोक म्हणाले. तो नाही म्हणाला. घरोघरच्या गोवऱ्या आल्या, मी शाळेची मोडकी बाकं दिली, तरी पुरेना. मला राहवलं नाही. कुणाला न सांगता पडवीतल्या दोन फांद्या आणून मी सरणात सारल्या.

त्यानं त्या ओळखल्या. अग्नी देण्याआधी ओढून काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"गुरुजी, जल्मभर पदर झाडून आली ती. आता शेवटाला वझं देऊ नगा तिला."

मी भर पावसात फांद्या परत ठेवून आलो. स्मशानातल्या पत्र्याखाली सरण संध्याकाळपर्यंत धुमसत राहिलं. तो समोर बसून एकेक गोवरी सारत होता. मला त्याचा राग आला होता, स्वतःचाही आला होता, आणि रडू आवरत नव्हतं.

पुढं दोन-तीन वर्षांनी तो राईतच गेला. सकाळी देवळाच्या पायरीला टेकलेला सापडला, अंगावर घोंगडी. आम्ही त्याला उचलून निघालो. हद्दीच्या दगडाशी खांदेकरी आपोआप थांबले. मी घोंगडी काढून झटकली. मग त्याच्या पांढऱ्या केसांत अडकलेलं एक पान दिसलं. ते हलकेच सोडवून मी आत ठेवलं. मला खूप काही सांगायचं होतं त्याला. तोंडातून एवढंच निघालं, "आता जावा."