एकवीस चॅनल आणि आमचे सर

मला बघायला आले तेव्हा पंधरा मिनिटांत हो म्हणाले.
चॅटचं अ‍ॅप निवडायला मात्र या माणसानं महिना घेतला!

आज ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

डायलिसिस सुरू झालं आणि लातूरच्या क्लासमध्ये उभं राहून फिजिक्स शिकवणं थांबलं. क्लासचे मालक म्हणाले, "सर, घरून पोरांचे डाउट सोडवा. महिनाभर बघू. नाही जमलं तर दुसरे सर बघावे लागतील."

हे वरवर हसले. पण शिकवणं सुटलं तर हा माणूस उरणार नाही, हे मला कळत होतं.

प्रत्येक बॅचचं वेगळं चॅनल. एकूण एकवीस. मोबाइलवर बोट फिरवून दमायचे. म्हणून कॉम्प्युटरवर चालेल असं अ‍ॅप शोधायला बसले.

पहिल्यात सगळी चॅनल सारखीच दिसायची. मला पाठवायचा मेसेज रिपीटर बॅचला गेला.
"येताना मेथीच्या दोन जुड्या आण."

संध्याकाळपर्यंत दारात चौदा जुड्या!

एक पोरगी म्हणाली, "काकू, सरांचा मेसेज हाय म्हणल्यावर न्हाई कसं म्हणावं?"
आठवडाभर मेथीचे धपाटे खाल्ले.

दुसरं अ‍ॅप देखणं. पण ते उघडलं की आमचा जुना कॉम्प्युटर बसायचा. मी म्हणाले, नवीन घेऊ. तर हे म्हणतात, "शेरवानी शोभावी म्हणून घोडा घ्यायचा का?"

तिसऱ्याचा रंग शेवाळासारखा.
"अहो, हे काय ध्यान निवडून राहिलात?"
"अगं, ह्यात चॅनल आपल्या मनानं लावता येतात. बाकीच्यांत जो जास्त बोलतो, तोच वर जाऊन बसतो."

आणि सगळ्यात वर लावलं किनवटच्या होस्टेलमधल्या मुलींचं चॅनल. सहा दिवसांत तिथं एक अक्षर आलं नव्हतं.

"ज्या बोलतच नाहीत, त्यांना कशाला वर?" मी विचारलं.

तेव्हा लातूरच्या भूकंपाचं बोलले. एरवी तो विषय कधी काढत नसत. कॉलेजात असताना ढिगारे उपसायला गेले होते.
"ओरडणारा लवकर सापडतो, सुनंदा. गप्प असलेल्यापाशी आपण जाऊन कान लावायचा असतो."

मग टाइप केलं, "पोरींनो, काय झालं?"

बऱ्याच वेळानं एकीनं लिहिलं, "सर, आमचे डाउट लई सोपे हायत. तुम्ही हसाल."

ह्यांनी लिहिलं, "हाव? बरं झालं. अवघड मलाबी येत न्हाईत."

त्या दुपारी प्रश्नांची रांगच लागली. मी तीनदा चहा ठेवला, तिन्ही वेळा गार झाला.

महिना संपला. मालकांचा फोन. "सर, किनवटच्या मुली म्हणतात, आमचे सर बदलू नका."

दुसरे सर कधी आलेच नाहीत.

डायलिसिसच्या दिवशी कॉम्प्युटरपुढं ह्यांच्या खुर्चीवर मी बसायचे. माझी शाळा सातवीपर्यंतच, पुढचं सगळं वाचून वाचून आलेलं. मी लिहायचे, "सर चार वाजता येतील." पोरं मलाच डाउट विचारायची. ह्यांना त्याची लई मजा वाटायची.

हे गेले तेव्हा एकवीस ठिकाणी मलाच लिहावं लागलं, "सर आता येणार नाहीत."
मी वरून सुरुवात केली.

किनवटच्या मुलींचं उत्तर लगेच आलं.
"काकू, तुम्ही जेवलात का?"

अहो, शेवटपर्यंत सरच राहिलात.
जयभीम.