कवडी कापसाची गाडी

बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडायला लागली, त्या काळात मी मेहकरजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचो. निवृत्ती जवळ आली होती, म्हणून मालकांनी माझ्या जागी कुणाला तरी तयार करायला सांगितलं. कापूस वेचून साफ करणाऱ्या बायकांतली एक मी निवडली. मूठभर कापूस हातात घेतला की ती त्याची प्रत सांगायची, आणि बाकीच्या तिचं ऐकायच्या. दोन वर्षं मी तिला शिकवलं. लोकांना नाही म्हणणं तिला जड जायचं. हळूहळू तेही जमलं.

फाटकावर येणारा माल तपासायला मी तिला पहिल्यांदा एकटीला उभं केलं, त्याच दिवशी तिच्या भावाची गाडी आली. कापूस अळीनं खाल्लेला, पिवळा पडलेला होता. अशा मालाला आम्ही कवडी म्हणतो. तिने दोनदा हात घालून पाहिला.

"दादा, हा घेता येत नाही."

"तू मले सांगून राह्यली?"

तिने माझ्याकडे पाहिलं. निर्णय तिचाच असावा म्हणून मी बाजूला सरकलो. तिने गाडी परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी तिच्या घरी गेलो, तेव्हा म्हणाली, "काका, तुमी शिकवलं ते खोटं नाही. पन माह्यं माहेर तुटलं. मले वेचायलेच बसू द्या."

मी मालकांना तसं सांगितलं. ती परत वेचायला बसली आणि प्रत ठरवायला मालकांनी बाहेरून माणूस आणला. त्याला कापूस फारसा कळत नव्हता. अडला की तो हळूच तिला विचारायचा, आणि ती मान वर न करता सांगायची.