जावेच्या कोहळ्याच्या बिया

वर्ध्याजवळच्या आंजी गावात, आमच्या सासरी कोहळ्याची रोपं घरातच तयार व्हायची. कोहळं म्हणजे पुण्याकडचा लाल भोपळा. मे महिन्याच्या उन्हात कोंब बाहेर टिकत नाही. म्हणून बिया रात्रभर भिजवायच्या, ओल्या फडक्यात त्यांची पुरचुंडी बांधायची आणि स्वयंपाकघरात कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, टोपलीत दाबून ठेवायची. कोंब फुटले की दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती आणि शेणखत भरून लावायच्या. पावसापर्यंत रोपं पडवीत सावलीला वाढत. हे काम माझ्या मोठ्या जावेचं. तिच्या हातची एक बी वाया जात नसे. तिला मूल नव्हतं. मला दोन मुली.

एका वर्षी हौसेने मी पुरचुंडी बांधली. पाणी जास्त झालं, बिया कुजल्या. सासूबाई शेजारणींसमोर हसल्या. "इले फक्त पोरी जमतात, रोपं नाई जमत. हात पाह्यजे तं मोठीसारखा."

ते मी वर्षभर मनात ठेवलं.

पुढच्या मे महिन्यात जाऊ दुपारी नळावर गेली होती. मी चहाचं आधण उतरवलं, तिची पुरचुंडी परातीत ठेवली आणि ते उकळतं पाणी पुरचुंडीवर ओतलं. निथळून, थंड करून पुन्हा कुटारात दाबली.

सहाव्या दिवशी सासूबाईंनी फडकं सोडलं. आंबूस वास आला.

"एकबी नाई फुटली. मोठे, तुया वांझोटा हात आता बियायलेही लागला वं."

जाऊ माझ्याकडे वळली. "पाणी तं बरोबर होतं ना? तू पाह्यलं होतं ना?"

"मले काय माहीत, बाई."

दुसऱ्यांदा बिया बांधायला मला बसवलं. त्या फुटल्या. मग जावेला लोणच्याला हात लावू देईनात. डोहाळजेवणाची, बारशाची बोलावणी मला एकटीला येऊ लागली. दिवाळीत तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं निघालं, तेव्हा ती वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला भावाकडे गेली. परत आली नाही. तिला थांबवायला कोणी उठलं नाही, मीही नाही.

नऊ वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात, मी तिच्याकडे गेले. ती ओट्यावर मेथी निवडत होती. मी सगळं सांगून टाकलं.

"उकयतं पाणी?" तिने एवढंच विचारलं.

"हो, बाई."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "भावाच्या सुनेले पोट्टं झालं. सात वर्षांचा होऊन राह्यला तो. म्या त्याले एकडाव उचलून नाई घेतलं. मले वाटे, माया हातच तसा हाय."

मला रडू फुटलं.

"रडू नोको. रडाची पाळी तुयी नाई. घरी सांगतलं?"

"नाई."

"सांगशीन?"

मी पदराने डोळे पुसत राहिले. मेथीची टोपली उचलून ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी थोडा वेळ बसले, मग रस्त्यावर येऊन ऑटो पकडला.

घरी सासूबाईंनी खाटेवरूनच विचारलं, "कुठं गेलती वं?"

"वर्ध्याले, बाजारात," मी म्हटलं, आणि त्यांचं जेवण वाढायला घेतलं.