धावड्याकडे गेलेला पास

सामना चालू असताना टक्के सर चेंडूकडे ओझरतंच बघत. मैदानाभोवतीची झाडून सगळी माणसं चेंडूमागे माना फिरवायची आणि सर मात्र जिथे काहीच घडत नाही तिथे डोळे लावून बसलेले असायचे. तोंडाशी मोबाइल आणि त्यात हलक्या आवाजात एकसारखं पुटपुटणं. "सातनं नवाला दिला. नवानं जवळच ठेवला. अकरा मोकळा. अकरा अजून मोकळा." बाहेरगावच्या प्रेक्षकांना वाटायचं, हा माणूस बायकोशी भांडतोय. घरी गेल्यावर हे सगळं रेकॉर्डिंग ते पुन्हा ऐकत आणि त्याची टक्केवारी काढत.

तालुक्याच्या आमच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. दर जूनला नवी नेमणूक, मिळाली तर मिळाली. फुटबॉलची टीम त्यांच्या गळ्यात पडली ती दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून. त्यांनी स्वतः जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. मी त्या टीमचा गोलकीपर होतो, त्यामुळे टीम कशी होती हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? जाळीतून चेंडू काढून काढून माझीच कंबर मोडायची.

टक्के हा त्यांचा श्वास होता. बस वेळेवर येण्याचे टक्के, कँटीनच्या चहातल्या दुधाचे टक्के. आमच्यातल्या एकाने एकदा धीर करून विचारलं, "सर, एक पोरगी हाय वर्गात. ती हो म्हणायचे किती टक्के?" सरांनी गंभीरपणे विचारलं, "आतापर्यंत किती वेळा बोलला तिच्याशी?" तो म्हणाला, "एकदा बी न्हाई." "मंग नमुनाच न्हाई तर टक्के कशाचे काढू? आधी बोल, मंग ये." तो बिचारा तीन वर्षांत परत काही सरांकडे गेला नाही.

त्या वर्षी प्राचार्यांनी निरोप धाडला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एक तरी सामना जिंका, नाहीतर फुटबॉल बंद. मैदानावर फार्मसीची इमारत उभी करायची होती. आमच्यासारख्या पोरांना त्या मैदानाबाहेर कॉलेजात ओळखत तरी कोण होतं? पण आमच्यापेक्षा सरांनीच ते जिवाला लावून घेतलं. त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसावा, असे त्यांचे डोळे दिसायचे.

एका सकाळी सरावाआधी त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं. म्हणाले, "तुम्ही एक टीम न्हाई. तुम्ही दोन टीमा हाय. समोरची तिसरी." आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मग त्यांनी समजावलं. आमच्यातली अर्धी पोरं केदारखेड्याकडून काळीपिवळी जीपने यायची, अर्धी धावड्याकडून बसने. जीपवाले जीपवाल्यांना पास देत होते आणि बसवाले बसवाल्यांना. नाइलाज झाल्याशिवाय चेंडू या गटातून त्या गटात जातच नव्हता. गंमत म्हणजे आम्हाला स्वतःलाच हे ठाऊक नव्हतं.

गजू उसळला. तो आमचा नऊ नंबर, माझ्याच गावचा, केदारखेड्याचा. "सर, तुम्ही धावड्याचे. म्हणून त्यांच्याकडून बोलून राह्यले."

"बराबर हाय तुझं," सर म्हणाले. "म्हणून म्या बोलतच न्हाई. ऐक." आणि त्यांनी मोबाइल मध्ये ठेवून जुन्या सामन्यांतलं त्यांचंच पुटपुटणं लावलं. अकरा मोकळा. अकरा मोकळा. सामना बदलायचा, समोरचं कॉलेज बदलायचं, आवाज तेवढा तोच. अकरा नंबर म्हणजे डावीकडून पळणारा सिद्धू, धावड्याचा. तो मान खाली घालून गवत उपटत होता.

सरांनी उपाय काढला तो जेवणाचा. एका रविवारी सगळी टीम केदारखेड्याला गजूकडे, दुसऱ्या रविवारी धावड्याला सिद्धूकडे. सिद्धूचं घर बौद्धवाड्यात, सरांच्याच गल्लीत. त्याच्या आईने ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा असा काही केला होता की आम्ही ताटं चाटूनपुसून लख्ख केली. तरीही आमच्या जीपमधल्या दोघांनी कुठे जेवलो हे घरी सांगितलं नाही. सरांना ते कळलं असणार. ते एवढंच म्हणाले, "पास वाढले पायजेत. बाकीचं जल्दी व्हत नसतं."

आणि पास वाढले. सुरुवातीचे सामने आम्ही हरलो, पण पूर्वीसारखे चिंध्या होऊन नाही. शेवटचा सामना जालन्याला होता. केदारखेड्याची पोरं दोन जीपा भरून आली होती. शेवटची काही मिनिटं उरली तरी गोल कुणाचाच नाही. मी माझ्या जाळीपुढे उभा राहून नुसता देवाचा धावा करत होतो. तेवढ्यात गजूला चेंडू मिळाला. समोर एक बचावपटू आणि गोलकीपर, डावीकडे सिद्धू एकटा. पूर्वीचा गजू असता तर डोळे मिटून मारला असता. या गजूने मान वर करून बघितलं आणि पास दिला. सिद्धूपुढे अख्खा गोल उघडा पडला होता. त्याने मारला, आणि चेंडू खांबाबाहेरून गेला.

शिट्टी झाली. सामना बरोबरीत. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच आम्ही हरलो नव्हतो आणि मैदानावर बसून ढसाढसा रडत होतो. गावची पोरं गजूवर तुटून पडली. "त्याला कशाला दिला रे? तू मारला अस्ता तर झाला अस्ता ना गोल!" गजू बुटाच्या नाड्या सोडत म्हणाला, "तो मोकळा व्हता."

सोमवारी सर प्राचार्यांपुढे उभे होते. मी दाराबाहेर. सर कधी नव्हे ते हात जोडून बोलत होते. "साहेब, सुधारणा बघा. फक्त एक वर्ष द्या."

"सर, जिंकलात का?"

"न्हाई."

"मग विषय संपला." आणि मग हलक्या आवाजात, "तुमच्या विषयालाही पोरं राहिली नाहीत. जूनमध्ये अवघडच दिसतंय."

बाहेर आल्यावर सर भिंतीला टेकले. मला म्हणाले, "तो पास दहा वेळा दिला तर सहा-सात वेळा गोल व्हतो. म्या खोटं न्हाई सांगितलं तुम्हाला."

"माहीत हाय, सर."

"पण आपल्याला दहा वेळा कोण खेळू देतं रे?" इतका हताश माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मग म्हणाले, "सिद्धूनं कॉलेजला यायचं सोडलंय. तुझ्यामुळं बंद न्हाई झालं, असं सांग त्याला. म्या सांगितलं तर त्याला वाटतं, गल्लीतला माणूस समजूत घालून राह्यलाय."

मी आणि गजू मोटारसायकलवरून धावड्याला गेलो. सिद्धू ओट्यावर बसला होता. मी पाठ करून आणलेलं बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सरांनी पाठवलं ना तुम्हाला?"

मी गजूकडे बघितलं. गजू मात्र त्याच्या शेजारी जाऊन बसला. म्हणाला, "हाव, पाठवलं सरांनीच. पास मात्र म्या दिल्ता."

सिद्धूने गुडघ्यात तोंड घातलं आणि तो हुंदके देऊन रडला. आतून त्याची आई आली, आमच्याकडे बघून काही न विचारता चहा टाकायला परत गेली.

जूनमध्ये सरांना खरोखरच नेमणूक मिळाली नाही. ते नांदेडकडे कुठल्याशा शिकवणीत लागले. मैदानावर फार्मसीच्या इमारतीचे खांब उभे राहिले. पुष्कळ दिवसांनी मी त्यांना फोन केला आणि धावड्याला काय झालं ते सांगितलं. सर म्हणाले,

"परत सांग. गजू काय म्हणला?"